बारापर्यंतची नीलम्मा

लातूरच्या त्या घरात चूल दुपारी बाराला पेटायची आणि रात्री आठला विझायची. चूल म्हणजे गॅसच, पण म्हाताऱ्या गुरुपादप्पाच्या तोंडी शब्द चूलच होता. आठनंतर दुसऱ्या दिवशी बारापर्यंत कुणी दाण्याला शिवत नसे. पाणी आणि बिनसाखरेचा काळा चहा, एवढंच. सून वर्षाराणीनं हे सुरू करून वर्ष होत आलं होतं. बिल्डिंगमधल्या बायकांचा ग्रुप होता, त्या मोबाईलवर एकमेकींना वजनाचे आकडे पाठवायच्या. तिचं वजन उतरलं होतं, गुडघे कुरकुरायचे थांबले होते. येईल त्याला ती सांगायची, "आणि डोकं तर असं हलकं वाटतं, धुऊन वाळत घातल्यावानी." मुलगा भीमाशंकरही तिच्या नादानं लागला होता. तो क्लासमध्ये पोरांना गणित शिकवायचा, उपाशीपोटी गणित जास्त सुचतं असं त्याचं म्हणणं होतं.

गुरुपादप्पा इथं आला तो नीलम्मा गेल्यावर. मुखेडला बाजाराच्या रस्त्यावर त्याचं दोरखंडाचं दुकान होतं. दावी, कासरे, वेसणी, घुंगरमाळा. सगळी उमर त्यात गेली. पावसाळ्यात एका संध्याकाळी नीलम्माच्या छातीत कळ आली आणि ती दवाखान्यात पोचलीच नाही. मळ्याच्या बांधाला, लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तिला बसवून माती दिली. तिच्या गळ्यातलं लिंगही तिच्यासोबत मातीत गेलं. भीमाशंकर म्हणाला, "अप्पा, चार दिवस चला." गुरुपादप्पाला वाटलं, चार दिवस म्हणजे चार दिवस. थंडी पडली तरी तो लातुरातच होता. नात साक्षी पुण्याला शिकायला होती, तिच्या खोलीत त्याची खाट होती.

पहिल्याच दिवशी वर्षाराणीनं विचारलं होतं, "मामा, तुमच्यासाठी सकाळी येगळं करू का काही?"

"नको बाई. तुमचं तेच माझं."

तो नको म्हणाला, कारण दुसरं काय म्हणायचं हे त्याला माहीत नव्हतं. त्यांच्या घराण्यात सासऱ्यानं सुनेला खायला मागायचं नसतं. भूक लागली तर बायकोला सांगायचं, बायको सुनेला सांगते. आता मधलं माणूसच उरलं नव्हतं.

खरं तर त्यानं नीलम्मालाही कधी मागितलं नव्हतं. शुगरची गोळी लागून त्याला बरीच वर्षं झाली होती. सकाळी उठल्याबरोबर ती गोळी हातावर ठेवायची. मग तो आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून लिंगपूजेला बसायचा. पूजेआधी तोंडात घास घालायचा नाही, हा नेम लहानपणापासूनचा. पूजा उरकेपर्यंत तव्यावर भाकरी फुगलेली असायची. गोळी आणि भाकरी यांचं आपसात काही नातं आहे हे त्याला कधी कळलं नाही. भाकरीचं काय, सूर्य उगवावा तशी ती यायची.

लातुरातही त्यानं गोळी चुकवली नाही. उठला की गोळी, मग आंघोळ, मग पूजा. पूजा झाली की खुर्चीत बसून बाराची वाट पाहायची.

पहिल्यांदा झालं ते असं. सकाळ वर आली होती. बोटं आपोआप थरथरायला लागली. अंगाला घाम सुटला, थंडीचे दिवस असून. जीव कशावर तरी चिडला, पण कशावर ते कळेना. मग त्याला आठवलं की दुकान उघडायचं राहिलंय. तो उठला आणि तीन मजले उतरून खाली गेला. खालच्या मजल्यावरच्या एका घराचं दार ढकलून तो आत शिरला आणि तिथल्या बाईला म्हणाला, "शटर का लावून घेतलं?" ती बाई किंचाळली. भीमाशंकर क्लास सोडून आला. गुरुपादप्पाला वर आणून बसवलं. तोवर बारा वाजले होते. वर्षाराणीनं ताट वाढलं, तो जेवला, आणि जेवून हात धुतो तर डोकं लख्ख. "मी खाली कशाला गेलो होतो?" त्यानं विचारलं. नवराबायकोनं एकमेकांकडं पाहिलं.

मग आधी दर दोन-चार दिवसांनी आणि पुढं रोजच काहीतरी व्हायला लागलं. वर्षाराणीला तो नीलम्मा म्हणून हाक मारायचा. चपला फ्रिजमध्ये ठेवायचा. एकदा गॅलरीत कबुतरं येऊ नयेत म्हणून लावलेली जाळी दोन्ही हातांनी धरून "गाडी आली, गाडी आली" म्हणत उभा राहिला. दुपार झाली की तोच माणूस पेपर वाचायचा आणि भीमाशंकरच्या हिशेबातली चूक काढायचा.

समोरच्या कोंडाबाईनं जिन्यातच निदान करून टाकलं. "सकाळचं येड आणि दुपारचं शहाणं, हे काही दवाखान्याचं न्हाई वर्षाराणी. त्यांची बाई बोलवून राहिली त्यांना."

"आमच्यात तसलं काही मानत न्हाईत, मावशी."

"तुमच्यात न्हाई मानत. पण गेलेल्या बाईला कुणी सांगितलं का तसं?"

वर्षाराणी हसली, पण घरात येऊन तिनं ते नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप लागलं.

"तुमच्याच भल्यासाठी हाय, अप्पा," भीमाशंकर म्हणाला.

"मी सगळी उमर दावी विकली," गुरुपादप्पा म्हणाला. "दावं जनावराच्या भल्यासाठी असतं असंच मीबी गिऱ्हाइकाला सांगायचो."

"मग काय करू? तुम्ही उद्या रस्त्यावर गेलात तर? गाडीखाली आलात तर?"

"मला मुखेडला सोड."

"एकट्याला? या अवस्थेत?"

गुरुपादप्पा उठून खोलीत गेला. त्यालाही आपली अवस्था दिसत होती. आपल्या डोक्याचा एक तुकडा रोज सकाळी कुणीतरी काढून नेतं आणि दुपारी परत आणून बसवतं, असं त्याला वाटायचं. एक दिवस ते परत आणणार नाहीत, याची भीती वाटायची. दिवसभर तो साक्षीच्या खोलीत खाटेवर बसून असायचा. भिंतीवर तिचे रसायनशास्त्राचे तक्ते होते. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची पाठ दिसायची. कुणी आलं-गेलं की कुलुपाचा आवाज यायचा आणि तो मान वर करायचा, मग पुन्हा खाली घालायचा.

पण एक गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. सकाळी नीलम्मा यायची.

आधी नुसती बांगड्यांची चाहूल लागली. मग एका सकाळी, घाम फुटून नजर पातळ झाली तेव्हा, ती खाटेच्या पायथ्याशी बसलेली दिसली. हिरवं लुगडं, मांडीवर सूप, सुपात तूर. ती खडे निवडत होती. "टोपी कुठं ठेवली?" असं तिनं मान वर न करता विचारलं, जसं ती चाळीस वर्षं विचारत आली तसं. त्याला जराही नवल वाटलं नाही. त्या वेळी ती गेली आहे हेच त्याला ठाऊक नसायचं. ती आहे, आपण आहोत, सकाळ आहे. जाळी नाही, कुलूप नाही, लातूर नाही. मग बारा वाजायचे, वर्षाराणी "मामा, चला" म्हणायची. चार घास पोटात गेले की सगळं परत यायचं. मळ्याचा बांध, माती, लोक. रोज बाराला नीलम्मा नव्यानं मरायची.

सकाळचं बाकी सगळं पुसलं जायचं, तिचं येणं तेवढं आठवायचं. म्हणून त्याला सकाळची भीतीही वाटायची आणि ओढही. ओढ जास्त.

एका सकाळी वर्षाराणी त्याची खोली झाडायला आली आणि दमली म्हणून खाटेच्या पायथ्याशी टेकली. नेमकी तिथंच. गुरुपादप्पानं पूजेचा तांब्या उचलून तिच्या अंगावर फेकला. "ऊठ तिथून," तो ओरडला. तिच्या कोपराला लागलं. दुपारी जेवताना त्याला तिच्या कोपरावरची सूज दिसली.

"काय लागलं, बाई?"

वर्षाराणी ताटाकडं बघत म्हणाली, "काही न्हाई मामा. दाराचं लागलं."

भीमाशंकरनं जेवण अर्धं टाकलं. रात्री तो बायकोशी बोलत होता ते भिंतीपलीकडून ऐकू आलं. नांदेडला मेंदूच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, वर्षाराणीच्या माहेरच्यांच्या ओळखीच्या. तिथंच दाखवू. लातुरात नको, क्लासच्या पालकांपर्यंत जायला वेळ लागत नाही. आणि बाईंनी एकदा सांगितलं की विसराळूपणाचा रोग आहे, तर मुखेडचं घर बंद करायचं. दुकान देऊन टाकायचं. मग अप्पांना कायमचं इथंच.

गुरुपादप्पानं ते ऐकलं आणि तो निजला. त्याला वाटलं, खोटं काय बोलून राहिले ते? मेलेली बायको ज्याला दिसते, त्याला दुसरं काय म्हणतात?

रक्त तपासायचं म्हणून दवाखान्यानं उपाशीपोटी आणायला सांगितलं होतं. अंधारातच निघाले. गुरुपादप्पानं नेमानं गोळी घेतली, आंघोळ केली, घाईघाईत पूजा उरकली आणि मागच्या सीटवर बसला. मागची दारं आतून उघडू नयेत अशी भीमाशंकरनं सोय केली होती. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. उन्हं वर आली. काचेला डोकं टेकून तो घामानं भिजत होता. वर्षाराणीनं मागं वळून पाहिलं. "मामा, गरम होऊन राहिलं का?" त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि ही बाई कोण असावी याचा विचार केला.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी महिना विचारला. त्यानं श्रावण सांगितला. गाव विचारलं. तो गावाऐवजी बाजार सांगून बसला, "मोंढा." शंभरातून सात वजा करायला सांगितले, तर तो हसला.

"बरं. बायकोचं नाव काय, बाबा?"

त्याला तिचं सगळं दिसत होतं. हातावरचं गोंदण दिसत होतं. पदर खोचायची तऱ्हा दिसत होती. मांडीवरचं सूप, सुपातली तूर. नाव तेवढं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. बाजूला भीमाशंकरनं मान वळवली.

"नाव, बाबा?"

गुरुपादप्पा रडायला लागला. बाईंनी धीर द्यायला त्याचा हात हातात घेतला आणि तशाच थांबल्या. तळवा ओलाचिंब होता आणि बोटं थरथरत होती. त्यांनी नर्सला हाक मारली. नर्सनं बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब यंत्रावर घेतला. आकडा पाहून बाई उठल्याच.

"सकाळी काय खाल्लं यांनी?"

"काही न्हाई. तुम्हीच उपाशी आणा म्हणालात," भीमाशंकर म्हणाला.

"आणि गोळी?"

"घेतली की. गोळी कधीच चुकवत न्हाईत ते."

"रोज खातात किती वाजता?"

"बाराला," वर्षाराणी म्हणाली. "आमच्यासंगंच."

साखरेचं पाणी आलं, मग नर्सनं हाताच्या शिरेतूनही काही दिलं. बाकावर तो भिंतीला टेकून बसला. खोलीचे कोपरे जागेवर आले. समोरची बाई सून झाली, तिच्या शेजारचा माणूस पोरगा झाला. कुणी विचारलेलं नसताना तो म्हणाला, "नीलम्मा. नीलम्मा नाव तिचं."

मग बाईंनी समजावून सांगितलं. मेंदूला स्वतःची कोठी नसते. त्याला साखर सतत रक्तातून लागते. "तुम्ही उपाशी राहता तेव्हा," त्या वर्षाराणीला म्हणाल्या, "तुमचं शरीर साठ्यातलं काढून मेंदूला पोचवतं. सवय झाली की चरबीवरही त्याचं भागतं. म्हणून तुम्हाला हलकं वाटतं, ते खोटं नाही. पण यांची ही गोळी पोटात काही असो नसो, साखर खाली ढकलत राहते. मग मेंदू उपाशी पडतो. माणूस चिडतो, भरकटतो, नावं विसरतो. वेड लागलेलं नाही यांना. अजून थोडे महिने असंच चाललं असतं, तर मात्र नुकसान झालं असतं."

"मी विचारलं होतं पहिल्याच दिवशी," वर्षाराणीचा आवाज चिरकला. "ते नको म्हणाले."

"आणि तू ऐकलंस?" भीमाशंकर म्हणाला.

"तुमचा बाप हाय ना? तुम्ही तरी एकदा विचारलं का, अप्पा भूक लागली का म्हणून?"

"भांडू नका रे," गुरुपादप्पा म्हणाला. "मीच नको म्हणालो."

दोघं औषधं आणायला खाली गेले तेव्हा तो बाईंना म्हणाला, "एक विचारायचं होतं. मला माझी बायको दिसायची. सकाळी. चांगली धडधाकट."

"होतं असं काहींना, साखर फार उतरली की."

"मग आता?"

"आता गोळी बदलून दिली आहे. जेवल्याशिवाय ती घ्यायची नाही. पोटात अन्न असलं की काही दिसणार नाही." बाईंनी ते चांगली बातमी द्यावी तसं सांगितलं. त्यानं मान हलवली.

परतताना भीमाशंकर मोकळा झाला होता. त्यानं दोनदा, आता पुढं शेजारी बसवलेल्या बापाच्या गुडघ्यावर थाप मारली. लोह्याला सगळ्यांनी पोटभर खाल्लं, बारा वाजायच्या आत, आणि वर्षाराणीनं ग्रुपवर काही कळवलं नाही. पण गुरुपादप्पानं मुखेडचं विचारल्यावर भीमाशंकर म्हणाला, "महिनाभर नजर ठेवा म्हणाल्यात बाई. मग बघू. एकट्यानं तुम्हाला वेळेवर वाढणार कोण?" कुलूपही तेवढे दिवस राहणार होतं.

रात्री गुरुपादप्पा जागाच होता. त्याला सगळं नीट समजलं होतं, आणि तेच वाईट होतं. तो शहाणा ठरला होता. शहाणा ठरून याच खोलीत, याच तक्त्यांखाली, जाळीच्या दाराआड एकटा बसायचं होतं. आधी सकाळी तरी कुणी यायचं. पूजेच्या झोळीत जुन्या गोळ्यांची एक पट्टी उरली होती. ती त्यानं वर्षाराणीच्या हवाली केली नव्हती.

पहाटे उठून त्यानं त्यातली एक गिळली.

आंघोळ केली, विभूती लावली, डाव्या तळव्यावर लिंग घेऊन बसला. भीमाशंकर क्लासला गेला. दाराबाहेरून वर्षाराणी म्हणाली, "मामा, पीठ मळून ठेवलंय. पूजा झाली की सांगा, गरम टाकते. गोळी त्याच्यावर."

"व्हायची हाय अजून."

ती गेली. पूजेत बसलेल्या माणसाला कुणी उठवत नाही, आणि पूजा झाल्याशिवाय कुणी ताट वाढत नाही. एवढी एकच जागा त्या घरात अशी होती, जिथं त्याला कुणी हात लावणार नव्हतं. त्यानं डोळे मिटले आणि वाट पाहिली.

वर्षाराणी पुन्हा आली. "मामा, लई वेळ झाला. बरं वाटतंय ना?"

"पूजेत हाय मी."

उन्हं खिडकीच्या चौकटीवर चढली. बोटांत थरथर सुरू झाली. कपाळावरची विभूती घामानं ओली झाली. बांगड्या वाजल्या. डोळे उघडले तर ती खाटेच्या पायथ्याशी होती, हिरव्या लुगड्यात, मान खाली घालून. त्याचा जीव सुपाएवढा झाला. तिला हाक मारावी म्हणून त्यानं तोंड उघडलं.

आणि नाव नव्हतं.

दवाखान्यातली ती खुर्ची त्याला आठवली, अजून तेवढं आठवत होतं. त्यानं मागं जाऊन शोधलं. हिला पाहायला गेलो ते गाव कोणतं? ही नांदायला आली त्या वर्षी काय झालं होतं? हिची आई? सगळीकडं रिकामं होतं. समोर एक बाई खडे निवडत होती. हिरवं लुगडं होतं, बांगड्या होत्या, पण ती कोण हे त्याच्यापाशी उरत नव्हतं. अजून थोडा वेळ बसला असता तर ती आपली आहे हेही गेलं असतं. भरल्या पोटी ती मेलेली होती, पण नीलम्मा होती. उपाशीपोटी ती समोर होती, आणि कुणीच नव्हती.

तळव्यावरचं लिंग हलायला लागलं. ते पडू नये म्हणून त्यानं दुसरा हात वर झाकला आणि दोन्ही हात छातीशी धरले.

"वर्षाराणी."

त्याला वाटलं, आवाज निघालाच नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. "वर्षाराणी. भूक लागली, बाई."

ती पिठाच्या हातानं धावत आली. दारातच थबकली. "पूजा झाली, मामा?"

"न्हाई झाली. आधी दे. जुनी गोळी घेतली मी." त्याचे दात वाजत होते. "साखर दे. रागव नंतर."

तिनं साखरेचं पाणी आणलं, त्याच्या ओठाला लावलं, पेला सांडू नये म्हणून त्याच्या हातांसकट धरून ठेवला.  त्यानं घोट घेतला, मग दुसरा. तिनं झोळी उचलून पट्टी शोधली आणि कंबरेला खोचली. मग ती तवा ठेवायला गेली, पण मध्येच दोनदा येऊन त्याच्याकडं बघून गेली. खाट रिकामी होत गेली. तो बघत राहिला. रडायचं होतं ते रडून घेतलं.

भाकरी आली, वर कारळ्याची चटणी. तो खाटेच्या पायथ्याशी बसून खायला लागला. अर्धी संपल्यावर म्हणाला, "तुझ्या सासूचं नाव नीलम्मा."

"माहीत हाय, मामा."

"मला म्हणून बघायचं होतं."

वर्षाराणी समोर फरशीवर बसली. तिचे बारा वाजायचे होते अजून. "ह्यांना सांगावं लागंल मला हे," ती म्हणाली. "मुखेडचं आता काही लवकर निघणार न्हाई."

"सांग."

"अजून एक टाकू का?"

जन्मात त्याला हे कुणी विचारलं नव्हतं, नीलम्मा न विचारताच टाकायची.  भूक होती.

"टाक," तो म्हणाला.